एका फुलीवर एकटं कुणी नको

माझी एक जुनी विद्यार्थिनी बेळगावात इंजिनिअरिंग कॉलेजला शिकवता शिकवता पीएच.डी. करते. परवा बसमध्ये भेटली आणि निपाणी येईपर्यंत मला तिचा विषय समजावून सांगत होती. विषय असा, की दहा-बारा संगणकांनी मिळून एकच कोडं सोडवायचं. प्रत्येकाच्या अटी वेगळ्या, त्या सगळ्यांच्या सांभाळायच्या, आणि तरीही कुणाची अट काय आहे ते दुसऱ्याला कळू द्यायचं नाही.

"लई अवघड प्रॉब्लेम आहे, टीचर," ती म्हणाली. "मोठमोठे लोक डोकं फोडून घेताहेत."

मी म्हटलं, "आपल्या आप्पांनी सोडवलाय की. पुठ्ठ्यावर."

"ड्रॉइंगचे आप्पा?" ती हसायलाच लागली. "ते तर आम्हाला वर्षभर नुसता आंबा काढायला लावायचे!"

लावायचे, हे खरं आहे. आंबा, तोही अर्धा. पण पोरांना वर्गात जे आप्पा दिसायचे ते निम्मेच. उरलेले आप्पा आम्हा बाकीच्या एकवीस शिक्षकांच्या वाट्याला आले होते, आणि त्या वाट्याचा मला एवढा अभिमान आहे की बसमधल्या बाकीच्या लोकांनी माना वळवून बघेपर्यंत मी मोठमोठ्यानं बोलत होते.

आप्पा सीमेवरच्या आमच्या हायस्कूलचे चित्रकलेचे शिक्षक. सरळ रेघ मारता येते एवढ्या एका गुणावर कुणा जुन्या हेडमास्तरांनी शाळेचं टाइमटेबल त्यांच्या गळ्यात मारलं, ते रिटायर होईपर्यंत उतरलं नाही. अंगानं काटकुळे, शर्टाच्या खिशात चार रंगांची पेनं, उजव्या अंगठ्याचं नख बारा महिने निळं. स्टाफरूममध्ये डबा खायला बसायचे ते भिंतीकडे तोंड करून. नवीन माणसाला वाटायचं, म्हाताऱ्याचं कुणाशी तरी बिनसलंय. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "दुसऱ्याच्या डब्यात बगू न्हाय. आज कुणाची नुसती चटणी आसती."

पोरगं वर्गात उशिरा आलं की बाकीचे मास्तर आधी चौकशी करायचे, मग छडी. आप्पा म्हणायचे, "उशीर झाला न्हवं? बस." पोरगं बिचारं वाटेत जुळवलेलं कारण तोंडात धरून उभंच राहायचं. खोटं बोलायची संधीसुद्धा हा माणूस देत नाही, अशी पोरांची तक्रार होती.

टाइमटेबलाचा सोहळा जूनच्या पहिल्या आठवड्यात असायचा. आप्पा एकेकाला ड्रॉइंग हॉलमध्ये बोलवायचे आणि पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा हातात द्यायचे. त्यावर आठवड्याच्या चौकटी आखलेल्या. सांगणं एवढंच, "जवा जमत न्हाय तवा फुली मार. का ते सांगू नगो."

का ते सांगायची आपल्याला केवढी हौस असते, ते मला माझ्या पहिल्या वर्षी कळलं. मी "आप्पा, त्याचं काय आहे" एवढं म्हणते न म्हणते तोच त्यांनी रंगाच्या पाण्यात ब्रश घालून असा खळखळाट मांडला की माझं मलाच ऐकू येईना. मी थांबले की ते थांबायचे. मी तोंड उघडलं की ब्रश सुरू. शेवटी मी निमूटपणे फुल्या मारल्या.

त्यांचे नियम ऐकायला वेडगळ होते. पहिला नियम, अडचण असो वा नसो, प्रत्येकानं आठवड्यातला एक अर्धा दिवस फुलीखाली घातलाच पाहिजे. आमच्याकडे सकाळी तास नसेल तर दुपारी येऊन सही केली तरी चालायचं, त्यामुळे या अर्ध्या दिवसाला मोल होतं. पण आमचे पीटीचे सर यावर भांडायला उठले. आडमाप देह, आवाज मैदानावरचा, आणि पोटात गोष्ट म्हणून राहायची नाही. सकाळी त्यांच्या कानात सांगितलेलं मधल्या सुट्टीत गेटवरच्या भेळवाल्याला ठाऊक असायचं.

"आप्पा, मला कसली अडचण न्हाय बगा," ते म्हणाले. "मी सहाच्या सहा दिस मोकळा."

"मग काढा की एक हुडकून."

"खोटी फुली मारू व्हय?"

"मारा. तुमी मोकळं ऱ्हायलासा तर जेनं खरी मारलीया त्यो उगडा पडतोय."

पीटी सरांना ते त्या दिवशी पटलं नाही. पण फुली मारली, आणि पुढं तो अर्धा दिवस म्हशी तळ्यावर नेऊन धुवायला बरा, असा शोधही लावला. म्हशी धुतात ही बातमी अर्थातच त्यांनी स्वतःच गावभर केली.

दुसरा नियम, एका फुलीवर एकट्याला ठेवायचं नाही. कुठल्याही अर्ध्या दिवसावर निदान चौघं हवीत. समजा सोमवारी सकाळी एकच माणूस पडला, तर आप्पा पुठ्ठे घेऊन दारोदार फिरायचे. "तुजी ही फुली हलवली तर चालंल?" ज्याची खरी असेल तो न्हाय म्हणायचा, ज्याची उगाच असेल तो चालतंय म्हणायचा. का, हे तिथंही विचारायचं नाही. दहा-दहा वेळा फिरायला लागलं तरी फिरायचे. टाइमटेबल फळ्यावर लागलं की ज्याचा त्याला पुठ्ठा परत. आपल्याजवळ एकही ठेवून घेत नसत.

एकदा स्टाफची ट्रिप जोतिबाला जायची होती आणि तारखेवरून आठवडाभर घोळ चालला होता. पुरुष मंडळी एक तारीख सुचवायची आणि बायकांतली कुणीतरी नुसतंच "ती नको" म्हणायची. देवळात जायचं म्हटल्यावर बायका तारीख का मोजतात, हे पुरुषांना घरी कळतं, शाळेत कळत नाही. "आवो पण का नको?" पीटी सर पुन्हा पुन्हा विचारत होते, आणि तेवढ्याच वेळा आम्ही खिडकीबाहेर बघत होतो.

आप्पांनी बावीस सारखे पुठ्ठे कापले, प्रत्येकावर महिन्याच्या तारखा एकाच जागी लिहिल्या आणि बाजूला पंच मशीन ठेवलं. जी तारीख चालते तिला भोक पाडायचं, पुठ्ठा पालथा ठेवायचा, जायचं. सगळे झाल्यावर त्यांनी गठ्ठा सारखा केला आणि खिडकीपुढे उन्हात धरला. बावीस पुठ्ठ्यांतून ऊन आरपार येत होतं ते एकाच ठिकाणी. "अठ्ठावीस," आप्पा म्हणाले, "चला." पुठ्ठे तिथंच फाडून बादलीत टाकले. कुणी कुठली तारीख नाकारली, कुणाला कळलं नाही. जोतिबाच्या पायऱ्या चढताना आमच्या सगळ्यांत वडील असलेल्या कन्नडच्या टीचर मला म्हणाल्या, "इतकी वर्षं नोकरी केली गं, पहिल्यांदाच कुणी तोंड न उघडायला लावता विचारलं." हे सांगताना त्यांचे डोळे भरले होते आणि मला आप्पांच्या शाळेत आपण आहोत याचं फार भारी वाटलं.

आता माझ्या फुलीबद्दल.

मी मूळची बेळगुंदीची. निपाणीत खोली घेऊन राहत होते. शाळेला लागून वर्ष झालं नव्हतं, नेमणूक अजून कायम व्हायची होती, आणि त्यातच गावाकडे एका बांधावरच्या मारामारीत माझ्या धाकट्या भावाचं नाव लागलं. मार लागलेला एक जण दवाखान्यातून परत आला नाही. माझा भाऊ त्या दिवशी तिथं होता, पण त्यानं हात उचलला नव्हता, हे आम्हाला ठाऊक होतं, ते कोर्टाला पटायला दोन वर्षं लागली. तोवर तो हिंडलग्याला होता. आमच्याकडे कुणी "हिंडलग्याला गेला" म्हटलं की ते गाव आहे, तिथं लोक शेती करतात, नोकरीला शहरात जातात, हे कुणाच्या मनात येत नाही. सगळ्यांना जेलच दिसतं.

आमच्या भेटीचा वार बुधवार ठरला होता. आई बेळगुंदीहून यायची, मी निपाणीहून पहिली बस धरायची. आईला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. अर्ज भरायचा, कागद दाखवायचे, पुकारा झाला की पुढं व्हायचं, यातलं एकही काम ती एकटीनं करणं शक्य नव्हतं. मी गेले नाही तर त्या आठवड्यात आई मुलाला बघणार नाही, एवढं सरळ होतं. आणि शाळेत कळलं तर माझी नेमणूक कायम होणार नाही, हेही तितकंच सरळ होतं. आमच्या संस्थेच्या मंडळींना अब्रूचं भारी वेड. खून खटल्यातल्या आरोपीची बहीण पोरांना विज्ञान शिकवते, हे त्यांच्या घशाखाली उतरलं नसतं.

मी बुधवार सकाळवर फुली मारली. आप्पा नेहमीप्रमाणे विचारत आले, "हलवली तर चालंल?" मी न्हाय म्हटलं. माझा आवाज जरा कापला असावा. त्यांनी मान वर केली नाही. आठ दिवसांनी फळ्यावर टाइमटेबल लागलं तेव्हा बुधवारी सकाळी चौघांना तास नव्हते. मी, पीटी सर, कन्नडच्या टीचर आणि स्वतः आप्पा.

त्या टाइमटेबलानं मला वर्षभर सांभाळलं. दर बुधवारी दुपारी मी घामेजल्या अंगानं येऊन सही करायचे आणि पाचव्या तासाला पोरांना पानाची रचना शिकवायचे.

मग नवे हेडमास्तर आले. खानापूरकडचे. माणूस वाईट नव्हता, हे आजही सांगेन, पण त्यांना प्रत्येक गोष्ट कागदावर लागायची. संस्थेच्या कुणा संचालकांनी गाडीतून जाताना जेलच्या रस्त्याला आमच्या स्टाफपैकी कुणालातरी बघितलं. बाई होती, साडी होती, एवढंही त्यांना नक्की सांगता येईना. बुधवार होता, हे मात्र नक्की. हेडमास्तरांनी फळ्यावरचं टाइमटेबल बघितलं आणि आम्हा चौघांना ऑफिसात बोलावलं.

आत जाण्याआधी व्हरांड्यात आप्पांनी आम्हाला थांबवलं. ते एरवी लांबलचक बोलत नसत, त्या दिवशीही बोलले नाहीत. "काय इचारणार हाईत ठावं न्हाय," ते म्हणाले, "पर एक ध्यानात धरा. जेला सांगायला सोपं हाय, तेनंच आदी गप बसायचं. तिघांनी सांगितलं की चौथा न सांगता कळतोय." बोलताना त्यांनी आमच्यापैकी कुणाकडेच पाहिलं नाही, पीटी सरांच्या बुटांकडे बघून बोलले.

हेडमास्तर म्हणाले, "मला एवढंच पाहिजे, बुधवारी सकाळी तुम्ही कुठं असता. कोऱ्या कागदावर एक ओळ लिहा, खाली सही करा. ज्यांचं काही नाही त्यांना भिण्याचं कारण नाही."

त्यांनी पहिला कागद पीटी सरांपुढे सरकवला. साहजिक होतं. सगळ्यात सोपं उत्तर त्यांचं, आणि सगळ्यात ढिलं तोंडही त्यांचंच. मी मनातल्या मनात खोली सोडायचा, ट्रंक बांधायचा, आईला काय सांगायचं याचा हिशेब करायला लागले होते.

पीटी सरांनी कागद परत सरकवला. "सांगणार न्हाय, सर."

"अहो, म्हशी धुता तुम्ही! अख्ख्या निपाणीला ठाऊक आहे!"

"ते निपाणी म्हणती. मी म्हणलो न्हाय."

हेडमास्तरांनी कन्नडच्या टीचरांकडे मोर्चा वळवला. त्या बुधवारी नातवाला बालवाडीत पोचवून येताना भाजी घ्यायच्या. चार शब्दांत सांगून सुटल्या असत्या. त्यांनी पदर सारखा केला. "हेळोदिल्ला, सर," म्हणाल्या, आणि समोरच्याला कन्नड कळलं नसेल तर राहू नये म्हणून वर मराठीतही, "सांगणार नाही."

"मीबी न्हाय," आप्पा म्हणाले.

मग माझी पाळी. खरं सांगते, त्या क्षणी सगळं ओकून मोकळं व्हावं असं वाटलं. माझ्यामुळे ही तीन माणसं उगाच उभी होती. पण मी बोलले असते तर त्यांचं गप्प बसणं मातीत गेलं असतं. मी म्हटलं, "सांगणार नाही." माझा आवाज या वेळी कापला नाही, याचं माझं मलाच नवल वाटलं.

हेडमास्तर लाल झाले. चौघांना नोटीस द्यावी तर शाळेचं निम्मं काम बसतं, आणि आप्पांना द्यावी तर पुढच्या जूनला टाइमटेबल कोण करणार. शेवटी नोटीस मिळाली ती पहिल्यांदा उलट बोलणाऱ्या पीटी सरांना. नोटिशीचं नावच कारणे दाखवा. त्यांनी खाली "कारण नाही" एवढं लिहून परत दिली. त्या वर्षी त्यांची कबड्डीची पोरं जिल्ह्याला निवडली गेली होती. पहाटे उठून त्यांनीच तयार केलेली. टीम घेऊन जायचा मान हेडमास्तरांनी दुसऱ्याला दिला. पीटी सर गेटपर्यंत आले, पोरांच्या पाठीवर थापा मारल्या, बस सुटेपर्यंत ओरडून सूचना देत राहिले आणि मग मैदानावर एकटेच जाऊन चुन्याच्या रेघा मारत बसले. मी विज्ञानाच्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून ते बघत होते. मला त्यांच्यापुढे जायचा धीर झाला नाही.

प्रकरण मात्र तिथंच विरलं. चौघांपैकी कोण, हे कळायला मार्ग उरला नव्हता. मे महिन्यात माझी नेमणूक कायम झाली. आईचा एकही बुधवार चुकला नाही.

पुढच्या वर्षी भाऊ निर्दोष सुटला. आप्पा तोवर रिटायर होऊन निपाणीजवळच्या आपल्या गावी गेले होते. मी पेढे घेऊन गेले. ते ओसरीवर कुणाच्या तरी दुकानाची पाटी रंगवत बसले होते.

"आप्पा, आज ऐकावंच लागेल," मी म्हटलं. "त्या बुधवारांचं कारण."

त्यांनी पेढा तोंडात टाकला. "ग्वाड बातमी हाय न्हवं?"

"हो."

"मग झालं की. आनी एक दे."

दुसरा पेढाही खाल्ला, पाटीवरच्या अक्षराला सावली कशी द्यायची ते मला तासभर दाखवलं, घरातून काकूंना हाक मारून मला जेवायला बसवलं. पण कारण ऐकून घेतलं नाही ते नाहीच. परतीच्या वाटेवर मला हसू येत होतं आणि रडूही. ज्या माणसानं माझी इभ्रत राखली त्याला शेवटपर्यंत कळणारच नव्हतं, की त्यानं नेमकं काय राखलं. त्याला कळून घ्यायचंच नव्हतं. असा माणूस मला आयुष्यात मिळाला याचा ताठा मी मरेपर्यंत मिरवणार आहे.

पण पोटातलं कुणाला तरी सांगायला हवंच होतं, आणि ज्याला सांगायचं देणं लागत होते तो माणूस शाळेतच होता. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी खेळाच्या खोलीत गेले. पीटी सर व्हॉलीबॉलमध्ये हवा भरत होते. मी पेढ्यांचा पुडा पुढे केला आणि एका दमात सांगून टाकलं. सर, त्या वेळी बुधवारी हिंडलग्याला जाणारी मी होते. माझा भाऊ आत होता. परवा सुटला. तुमची कबड्डी माझ्यामुळे गेली.

त्यांनी पंपावरचा हात थांबवला नाही. "बरं झालं सुटला त्ये. म्हातारी लई वाळली हुती."

"कोण म्हातारी? तुम्ही आईला कुठं पाहिलं?"

"माजी सासुरवाडी हिंडलगा, टीचर. सासूचं घर त्या रस्त्यालाच हाय. पयल्याच म्हैन्यात बगिटलं तुमाला, आईचा हात धरून लायनीत हुब्या."

"म्हणजे ऑफिसात कागद पुढं आला तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय."

"कन्नडच्या टीचरना?"

"तेंलाबी. समद्या स्टाफला ठावं हुतं. आप्पा आनी हेडमास्तर सोडून."

दोन वर्षं एकवीस माणसांसमोर मी बुधवारी दुपारी काहीच घडलं नाही असा चेहरा करून सही करत होते, आणि त्यातली वीस माणसं काहीच ठाऊक नाही असा चेहरा करून मला वही पुढं करत होती. भेळवाल्यालाही कळलं नव्हतं.

"मग एकदाही मला काही बोलला कसे नाही?" मी विचारलं. "तुम्ही? तुमच्या पोटात तर काही राहत नाही."

पीटी सरांनी बॉल बोटांनी दाबून बघितला, बाजूला ठेवला आणि पुड्यातला पेढा उचलला.

"तुमी सांगितलं न्हवतं न्हवं," ते म्हणाले.